जुन्या घरातील विजेच्या तारा



आपल्याकडील खेड्यापाड्यांत वीज आली ती बहुतेक ठिकाणी १९६० ते १९८० च्या दरम्यान. त्या वेळी घराला चार दिवे आणि एखादा रेडिओ एवढीच गरज होती. लाकडी पट्ट्यांवर पत्र्याच्या क्लिपा ठोकून त्यांत रबरी आवरणाची वायर बसवली जाई. घराला नवा रंग लागला, फरशी बदलली, पण अनेक घरांत त्या वायरी मात्र तशाच राहिल्या. आज त्यांवर फ्रीज, मिक्सर, इस्त्री आणि पाणी तापवण्याचा रॉड चालतो. १५०० वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर वीज ओढतो, आणि आपण तो पाच अँपिअरच्या दिव्याच्या प्लगात खुपसतो!

रबर पंचवीस-तीस वर्षांत कडक होते व त्याला तडे जातात. पावसात कौलांतून गळणारे पाणी आणि माळ्यावरचे उंदीर उरलेले काम करतात. १९६० नंतर बऱ्याच घरांत तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या वायरी पडल्या. त्यांचे सांधे कालांतराने ढिले होऊन तापतात. बटण गरम लागणे, प्लग काळा पडणे, भिंतीला ओल असताना हात लावला की मुंग्या येणे, ही दुखण्याची पहिली लक्षणे समजावीत.

पुष्कळांना वाटते की, फ्यूज आहे म्हणजे भीती नाही. हा मोठा गैरसमज आहे. फ्यूज तारेला जळण्यापासून वाचवतो, माणसाला वाचवण्यासाठी तो नाहीच. हिशेब करून पाहा. ६० वॅटचा साधा बल्ब सुमारे पाव अँपिअर, म्हणजे २६० मिलिअँपिअर वीज घेतो. माणसाचे हृदय बंद पाडण्यास ५० ते १०० मिलिअँपिअर पुरतात. ओल्या अंगाने, अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या शरीरातून सुमारे २३० मिलिअँपिअर वाहू शकतात. पाच अँपिअरचा फ्यूज म्हणजे पाच हजार मिलिअँपिअरचा. माणूस मरेल, पण फ्यूज जाणार नाही. त्यातही फ्यूज वारंवार जातो म्हणून जाड तार गुंडाळली, तर तो तारेलाही वाचवू शकत नाही.

म्हणून अर्थिंग हवे. तीन टोकांच्या प्लगाचे वरचे जाड टोक अर्थचे असते. फ्रीजच्या अंगात वीज उतरली तर ती या वाटेने जमिनीत जावी आणि फ्यूज उडावा, अशी ही योजना आहे. पण जुन्या घरांत या टोकाला वायरच नसते. काही ठिकाणी ती नळाच्या लोखंडी पाइपाला बांधलेली असे. पुढे पाइप प्लास्टिकचे आले आणि अर्थिंग केव्हा तुटले ते घरात कोणाला कळलेही नाही. आणखी एक वाईट प्रकार म्हणजे अर्थचे टोक न्यूट्रलला जोडणे. खांबावरचा न्यूट्रल तुटला की घरातील प्रत्येक लोखंडी वस्तूत वीज येते. याच्या उलट, न्यूट्रलची वायर न ओढता जमिनीत सळई ठोकून तीवर दिवा किंवा मोटर चालवणारेही आहेत. ती सळई आणि तिच्याभोवतालची माती दोन्ही जिवावर बेततात.

अर्थिंगचा खड्डा सावलीच्या, ओलसर जागी घ्यावा. सुमारे अडीच मीटरचा जस्ती पाइप उभा पुरून भोवती कोळसा व मीठ यांचे थर द्यावेत आणि उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत जावे. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. त्याच वेळी त्याला मेगरने सर्व वायरी तपासायला सांगावे. मापन एक मेगओहमच्या खाली आले तर ठिगळे न लावता ती वायर बदलावी.

सगळे घर एकदम बदलणे परवडत नसेल तर निदान मेन स्विचशेजारी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. जाणारी आणि परत येणारी वीज सारखी नसली की तो ०.३ सेकंदाच्या आत वीज तोडतो, आणि अर्थिंग नसतानाही माणसाला वाचवू शकतो. मात्र दोन्ही हातांत दोन वायरी आल्या तर त्याला ते कळत नाही. तो जुन्या घरात वारंवार पडतो, म्हणून लोक त्याला बाजूला काढून थेट जोडणी करतात. तो पडतो याचा अर्थ घरात कोठे तरी गळती आहे. ती शोधावी. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

कपडे वाळत घालण्याची तार पावसाळ्यात फार घातक ठरते. ती वायरिंगच्या खिळ्याला किंवा पत्र्याच्या छपराला बांधलेली असते. तेथे नायलॉनची दोरी वापरावी. गोठ्यातला दिवा उंचावर घ्यावा आणि त्याची वायर पाइपातून न्यावी. जनावराचे पुढचे व मागचे पाय लांब अंतरावर असल्याने ओल्या जमिनीत उतरलेली वीज त्याला माणसाच्या आधी मारते. नाताळच्या नक्षत्रासाठी ओट्यावर नेलेली वायरही सांधे नसलेली असावी. सेलोटेपची पट्टी दवाने सुटते.

कोणाला झटका बसला तर त्याला हात लावू नये. आधी मेन स्विच पाडावा. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला दूर सारावे. शेतात पडलेल्या उच्च दाबाच्या तारेपाशी मात्र लाकूडही उपयोगाचे नाही. तेथून दूर राहून १९१२ वर कळवावे. श्वास थांबला असेल तर १०८ ला फोन करून लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी पाच-सहा सेंटीमीटर खोल दाब द्यावा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, गाडी येईपर्यंत. त्याला मातीत पुरणे, अंगावर पाणी ओतणे यांत मोलाची मिनिटे जातात. शुद्धीवर येऊन चालू-बोलू लागला तरी त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढावा, कारण बाहेरून टिकलीएवढ्या दिसणाऱ्या भाजल्याच्या खुणेखाली आतील स्नायू जळलेले असू शकतात.