गाव हद्दीत जाण्याआधी

जालना शहराच्या आसपासच्या गावांतले सरपंच भेटले, की हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. "भाऊसाहेब, आपलं गाव हद्दीत जाणार का?" २०२३ मध्ये जालना नगरपरिषदेची महानगरपालिका झाली, तेव्हापासून हा प्रश्न पारावरून हललेला नाही. कोणतं गाव आणि कधी, हे सरकारची अधिसूचना निघेपर्यंत कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण शहर कुठं सरकतंय ते डोळ्यांना दिसतं. एका अंगाला सळयांचे कारखाने आणि एमआयडीसी, दुसरीकडं समृद्धी महामार्ग, आणि अंबड रोड, मंठा रोड, भोकरदन रोड कोणताही धरा, काल कपाशी होती तिथं आज प्लॉटिंगचे दगड रोवलेले आहेत. हद्दवाढीचा विषय आज ना उद्या निघणारच, असं धरून चालणं शहाणपणाचं.

मी जालना तालुक्यातला. नोकरी ग्रामविकास अधिकाऱ्याची, आणि शेवटची काही वर्षं जिल्ह्याबाहेर, एका मोठ्या शहराला खेटून असलेल्या गावात. ते गाव माझ्या कारकिर्दीत महापालिकेत गेलं. त्याचं दप्तर मीच बांधून दिलं. पुढंही त्या गावाशी संबंध राहिला, त्यामुळं काय मिळालं आणि काय निसटलं, दोन्ही जवळून पाहता आलं. तिथल्या माणसांनी जे सोसलं ते आपल्या भागातल्या माणसांना सोसावं लागू नये, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

त्या गावात दोन तट पडले होते. एक म्हणायचा, महापालिका आली की नळाला पाणी येईल, डांबरी रस्ते होतील, जमिनीला भाव येईल. दुसरा म्हणायचा, घरपट्टीनं कंबरडं मोडेल आणि आपलं गाव आपलं राहणार नाही. ग्रामसभेत तावातावानं भाषणं झाली, मोर्चा निघाला, बॅनर लागले. या सगळ्यात ग्रामपंचायतीच्या कपाटातली रजिस्टरं उघडून बघावीत, असं मात्र कोणाच्या मनात आलं नाही. अंतिम अधिसूचना निघाली त्या दिवशी ग्रामपंचायत संपली. सरपंच, सदस्य, ग्रामसभा, सगळं एका कागदानं संपलं. गावाच्या वतीनं मागणी करणारी, करार करणारी, कोर्टात उभी राहणारी संस्थाच उरली नाही. माझं सांगणं या एकाच गोष्टीभोवती आहे: गावाला जे काही मागायचं, मिळवायचं, लिहून घ्यायचं आहे, ते ग्रामपंचायत जिवंत आहे तोवरच. नंतर सगळा प्रकार बैल गेला अन् झोपा केला.

पहिलं काम दप्तराचं

ग्रामपंचायतीच्या नमुन्यांपैकी चार नमुने या कामी जीव की प्राण आहेत. नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही. नमुना २२ मध्ये ग्रामपंचायतीच्या इमारती, विहिरी, टाक्या अशी स्थावर मालमत्ता येते. नमुना २३ रस्त्यांचा आणि नमुना २४ जमिनींचा.

त्या गावचा नमुना २३ मी उघडला, तर पहिल्या दोन पानांवर गावठाणातल्या सिमेंट रस्त्यांच्या नोंदी आणि पुढं कोरी पानं. गावापासून ओढ्यापर्यंत जाणारी बैलगाडीची वाट, जिच्यावरून तीन पिढ्यांनी शेतमाल आणला, तिची ओळसुद्धा नव्हती. हद्दीत गेल्यावर त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना प्लॉट पडले आणि एका खरेदीदारानं वाटेवरच तारेचं कुंपण घातलं. शेतकरी महापालिकेच्या कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनानं आमचंच रजिस्टर त्यांच्यासमोर उलटं फिरवून ठेवलं आणि कोऱ्या पानावर बोट टेकवून विचारलं, "यात कुठं आहे रस्ता, दाखवा." त्याचंही चुकलं नव्हतं. कागदावर रस्ता नव्हताच.

म्हणून शिवरस्ते, पाणंदी, स्मशानभूमी, दफनभूमी, पाझर तलाव, खळवाडी, बाजाराची जागा, समाजमंदिर, व्यायामशाळा, सगळ्यांच्या नोंदी आत्ता करा. गावनकाशाची प्रत भूमी अभिलेख कार्यालयातून घ्या, जागेवर जाऊन पडताळा, ग्रामसभेचा ठराव करा आणि रजिस्टरच्या साक्षांकित प्रतींचा एक संच गावातच ठेवा. गायरानाचं तर फारच जपा. शहराला कचरा डेपो, पाण्याची टाकी, घरकुलं, कशासाठीही मोकळी सरकारी जागा हवी असते आणि पहिली नजर तिथंच जाते. पुण्याच्या कचऱ्याचा डेपो वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात होता. ही गावं २०१७ मध्ये पुणे महापालिकेत गेली आणि २०२४ मध्ये महापालिकेतून काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करावी लागली.

घर कोणाच्या नावावर?

नमुना ८ मध्ये मेलेल्या माणसांची नावं किती असतात, हे ग्रामपंचायतीत काम केलेल्याला विचारा. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी घर त्यांच्याच नावावर. गावात कोणाचं अडत नाही, कारण कोणाचं घर कोणाचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. शहराच्या कार्यालयाला ते ठाऊक नसतं. त्या गावच्या एका विधवा बाईला नव्या घरपट्टीची पावती सासऱ्यांच्या नावानं आली. नाव बदलायला गेली, तर मृत्यूचा दाखला, वारसांचं शपथपत्र, सगळ्या दिरांच्या सह्या अशी यादी तिच्या हाती दिली. एक दीर गुजरातेत, दुसऱ्याशी बोलणं नाही. ग्रामपंचायत असताना मासिक सभेत जे मार्गी लागलं असतं, त्यासाठी तिला वकील गाठावा लागला.

वारसनोंदी आत्ता उरका. बायकोचं नाव नवऱ्याबरोबर लावून घ्या. केंद्र सरकारच्या स्वामित्व योजनेत २०२० पासून गावठाणांची ड्रोननं मोजणी होते आहे. तुमच्या गावची झाली असेल, तर प्रत्येकानं आपली मिळकत पत्रिका आणि सनद घेऊन, क्षेत्र आणि चतुःसीमा तपासून ठेवा.

पाण्याचं आश्वासन कागदावर घ्या

हद्दवाढीला होकार मिळवणारं सर्वांत मोठं आश्वासन पाण्याचं असतं. जालन्यात ते जास्तच तोलून बघायला हवं. या शहराला निजामकाळातल्या घाणेवाडी तलावानं जगवलं, आता जायकवाडीहून पाणी आणलं जातं, आणि तरीही नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते शहरातल्या कोणत्याही घरात विचारा. जे शहर स्वतःच तहानलेलं आहे, ते नव्या गावाला पाणी कुठून, कोणत्या टाकीतून, कोणत्या पाइपलाइननं आणि कोणत्या वर्षी देणार, हे लेखी विचारा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे गावची विहीर आणि नळयोजना बंद पडू देऊ नका. त्या गावात हस्तांतरानंतर वीजबिल कोणी भरायचं यावरून पंप बंद पडला. व्हॉल्व्ह सोडणारा माणूस रोज सकाळी टाकीखाली येऊन बसायचा. त्याचा पगार कोणत्या खात्यातून निघणार ते ठरलेलं नव्हतं. शहराचं पाणी आलेलं नव्हतं आणि गावचं बंद झालेलं होतं. टँकर सुरू झाले.

पाणी आलं तरी ते कसलं आहे, हेही बघा. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात गिलियन-बारे सिंड्रोमची साथ आली, तेव्हा रुग्ण मुख्यतः नांदेड, किरकटवाडी, धायरी या सिंहगड रस्त्याकडच्या भागांत होते. हद्दीत येऊनही त्या भागाला विहिरीचं पाणी जलशुद्धीकरण न होता, नुसतं क्लोरीन टाकून दिलं जात होतं. आपल्या शेजारी छत्रपती संभाजीनगरात सातारा-देवळाई २०१५ मध्ये महापालिकेत गेलं. टँकर पुढंही वर्षानुवर्षं तिथल्या लोकांच्या दारात येतच राहिला.

पट्टी, प्लॉट आणि आरक्षण

घरपट्टी एका रात्रीत शहराएवढी होत नाही. सुरुवातीला ग्रामपंचायतीच्या दरानं आणि पुढं टप्प्याटप्प्यानं ती पूर्ण दरावर जाते. पण वाढीव पट्टी चालू होते आणि सोयी मागंच राहतात, तिथं भांडण पेटतं. पुण्यातल्या समाविष्ट गावांत ते एवढं वाढलं, की राज्य सरकारला वसुलीला स्थगिती द्यावी लागली. कोणत्या वर्षी किती पट्टी आणि त्या वर्षी कोणती सोय, असा तक्ता जोडीनं मागा. घराचं क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वापर, हे नमुना ८ मध्ये आजच बरोबर करून घ्या. मातीच्या घराची नोंद चुकून आरसीसी म्हणून गेली, तर ती सुधारायला फार पायपीट होते.

"हद्दीत गेलं की प्लॉट आपोआप कायदेशीर होईल" असं सांगून गुंठेवारीचे तुकडे विकणारे भेटतील. त्यांच्यावर विसंबू नका. २००१ चा गुंठेवारी कायदा २०२१ मध्ये सुधारला गेला, तेव्हा ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला दार उघडलं. त्यानंतर पाडलेल्या तुकड्यांना ते दार उघडं नाही.

शेतकऱ्यांनी विकास आराखड्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं. १९६६ च्या नगररचना कायद्यानं प्रारूप आराखडा जाहीर झाला, की हरकतीला ३० दिवस मिळतात. आपल्या गटावर बगीचा, शाळा, रस्ता असं आरक्षण पडलंय का, ते त्याच मुदतीत बघून हरकत घ्या. नाहीतर जमीन ना विकता येते, ना बांधता येते. अंतिम आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाली आणि संपादन झालं नाही, तर त्याच कायद्याच्या कलम १२७ खाली खरेदीची नोटीस देता येते. पण दहा वर्षं म्हणजे पोरांची शिक्षणं आणि लग्नं त्यातच निघून जातात.

काय सुटणार, तेही मोजा

वित्त आयोगाचा ग्रामपंचायतीला थेट येणारा निधी, रोजगार हमीची कामं, ग्रामीण घरकुलाची यादी, जिल्हा परिषदेची शाळा आणि उपकेंद्र, यांतलं काय थांबेल, काय महापालिकेकडं जाईल, त्याची यादी करा. मंजूर घरकुलं आणि विहिरी आधी पुऱ्या करा. बचत गटांची दुकानं, गाळे, भाडेकरार लेखी करून ठेवा. जाता जाता भाऊबंदांना नोकरीला लावण्याचा मोह मात्र टाळा. पुण्याच्या समाविष्ट गावांत अशा भरतीची चौकशी झाली आणि त्यात जुने, खरे कर्मचारीही भरडले गेले.

तीस दिवसांची खिडकी

१९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३ नुसार हद्द बदलण्याआधी सरकारला मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. साधारण ३० दिवस मिळतात. कायद्यात महापालिकेशी विचारविनिमय लिहिला आहे, ग्रामसभेची संमती लिहिलेली नाही. म्हणून "ग्रामसभेनं विरोध केला, आता गाव जाणार नाही" या भ्रमात राहू नका. नुसता "विरोध आहे" असा ठराव फायलीत पडून राहतो. गट क्रमांक, लोकसंख्या, शेतीखालचं क्षेत्र, पाण्याचे स्रोत, मालमत्तेची यादी आणि नेमक्या मागण्या लिहिलेली हरकत वाचावी लागते. ती मुदतीत द्या, पोच घ्या, सुनावणीला तयारीनं जा.

आणि एकदा आत गेलो की कायमचं ठरलं, असंही नाही. कल्याण-डोंबिवलीतली २७ गावं १९८३ मध्ये आत गेली, २००२ मध्ये बाहेर आली, २०१५ मध्ये पुन्हा आत. २०२० मध्ये त्यांतली १८ वगळली, तर ती अधिसूचना उच्च न्यायालयानं रद्द केली. या खेपांमध्ये ज्या गावाचं दप्तर नीट नसतं, त्याचं प्रत्येक वेळी थोडं थोडं हरवतं.

गाव शहरात जावं की नाही, हे मी ठरवणार नाही. ते तुमच्या गावच्या पाण्यावर, शेतीवर आणि पोरांच्या रोजगारावर ठरेल. पण येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय जरूर घ्या: नमुना ८, २२, २३ आणि २४ चं जाहीर वाचन. चुका तिथंच लोक सांगतील आणि तिथंच दुरुस्त होतील. गाव ग्रामपंचायतीत राहिलं तरी हे काम वाया जाणार नाही, आणि शहरात गेलं तर तुमच्या हातात भक्कम पुरावा असेल.