मंडईचे जुने नाव : क्रॉफर्ड प्रकरणाचा अभ्यास

मुंबईतील ज्या मंडईला आजही लोक ‘क्रॉफर्ड मार्केट’ म्हणतात, तिचे अधिकृत नाव महात्मा जोतिबा फुले मंडई असे आहे. १८६९ मध्ये ही वास्तू उभी राहिली. तिला प्रथम ज्यांचे नाव मिळाले, ते आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर होते. शहरसुधारणेतील त्यांचे कर्तृत्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या उत्तरकाळाचा इतिहास प्रत्येक सुशिक्षित व्यक्तीने, विशेषतः शासकीय सेवेत असणाऱ्याने, अभ्यासावा असा आहे.

पुढे क्रॉफर्ड पुण्यास मध्य विभागाचे महसूल कमिशनर झाले. अनेक जिल्ह्यांतील मामलेदार त्यांच्या हाताखाली आले. आपला भोकरदनचा परिसर त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्याने या अधिकारकक्षेबाहेर होता. तथापि तालुक्याच्या अधिकाऱ्याचा शब्द शेतकऱ्याच्या उंबरठ्याच्या आत कुठवर पोहोचतो, हे दोन्हीकडे सारखेच होते. मामलेदाराकडे साऱ्याची वसुली असे आणि फौजदारी अधिकारही असत. त्याची बदली वा बढती मात्र वरिष्ठांच्या मर्जीवर अवलंबून असे.

क्रॉफर्ड कर्जात बुडालेले होते. हणमंतराव नावाच्या मध्यस्थामार्फत मामलेदारांकडून बदली-बढतीसाठी पैसे घेतले जातात, असा आरोप त्यांच्यावर झाला. जुलै १८८८ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारने त्यांना निलंबित केले. वेषांतर करून निसटण्याच्या प्रयत्नात ते मुंबईस पकडले गेले. न्यायमूर्ती विल्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. लाचेचे आरोप सिद्ध झाले नाहीत. हाताखालच्या लोकांकडून कर्जे घेतल्याचा दोष मात्र सिद्ध झाला आणि क्रॉफर्ड यांना सेवेतून दूर करण्यात आले. मध्यस्थाच्या वाट्याला तुरुंगवास आला.

साक्ष देणाऱ्या मामलेदारांचे काय झाले? आपणही पैसे दिले, हे त्यांनी सरकारच्या अभयवचनावर विसंबून सांगितले होते. पुढे तेच वचन पाळावे की नाही, यावर वाद माजला. १८८९ मध्ये कायदा करून त्यांना खटल्यांपासून संरक्षण मिळाले. तरी काहींची नोकरी गेलीच. सरकारने दिलेला शब्द सरकारने मोडू नये, यासाठी लोकमान्य टिळकांनी पुण्यात चळवळ केली. त्यांचा हा मुद्दा न्याय्य होता. साक्षीदारालाच शिक्षा होऊ लागली, तर पुढे साक्ष देण्यास कोण उभा राहील?

परंतु एक प्रश्न या वादात मागेच राहिला. मामलेदाराने वर दिलेला पैसा अखेर कोणाच्या कनवटीचा? चौकशी एका अधिकाऱ्याच्या वर्तनाची होती. रयतेच्या नुकसानीचा हिशेब हा तिचा विषयच नव्हता. तो हिशेब पाच वर्षे आधी, १८८३ मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून समाजापुढे ठेवला होता. कचेरीतील कारकुनापासून वरपर्यंत अडाणी शेतकरी कसा नागवला जातो, हे त्यांनी त्यात उघड केले. मे १८८८ मध्ये मुंबईच्या जनतेने जोतीरावांना ‘महात्मा’ म्हणून गौरविले आणि दोनच महिन्यांनी क्रॉफर्ड निलंबित झाले. आज मंडईवर या दोघांपैकी कोणाचे नाव आहे, हे आपण पाहतोच.

आपल्या वसतिगृहातून शिकून गेलेली अनेक मुले-मुली उद्या तलाठी, शिक्षक, पोलीस, तहसीलदार होतील. ‘वर द्यावे लागते, म्हणून खालून घ्यावे लागते,’ हे वाक्य त्यांच्याही कानी पडेल. अशा वेळी ज्याच्याकडून घ्यायचे, तो बहुधा आपल्याच आईबापांसारखा कोणी शेतकरी वा मजूर असेल, याचे स्मरण त्यांनी ठेवावे.

विचारासाठी प्रश्न :
१. दबावाखाली लाच देणारा अधिकारी दोषी की पीडित?
२. साक्षीदाराला दिलेले अभयवचन मोडल्याने समाजाची कोणती हानी होते?
३. आपल्या गावात एखाद्या दाखल्यासाठी अडवणूक झाल्यास कोणत्या सनदशीर मार्गाने दाद मागाल?