सर्दीत गाल का ठणकतो?

आपल्या चेहऱ्याच्या हाडांत नाकाशी जोडलेल्या पोकळ्यांच्या ४ जोड्या असतात. त्यांना सायनस म्हणतात. गालाच्या हाडातील पोकळी सर्वांत मोठी. गंमत अशी, की तिचे काही मिलिमीटर रुंदीचे तोंड तळाशी नसून वरच्या बाजूस असते! मग आतला चिकट स्राव बाहेर पडतो कसा? अस्तराच्या पेशींवर केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू असतात. ते सतत हलत राहून स्राव वर ढकलतात.

सर्दीचे विषाणू या पेशींत शिरले, की तंतूंचे काम मंदावते. बाधित पेशी रासायनिक द्रव्ये सोडून धोक्याची सूचना देतात. त्यामुळे जवळच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंतींतून द्रव पाझरतो आणि अस्तर सुजते. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशीही त्याच भिंती ओलांडून झुंजीला येतात. परंतु सुजेने अरुंद तोंड बंद होते, स्राव साठतो आणि गाल ठणकू लागतो. म्हणजे त्रास बराचसा आपल्याच बचावाचा!

शेंबडाला हिरवट रंग येतो, तो मुख्यतः न्यूट्रोफिलमधील एका हिरव्या विकरामुळे. तेव्हा केवळ रंगावरून जीवाणूंना दोष देऊ नये. बहुतेक वेळा हे दुखणे विषाणूंचेच असते व आपोआप ओसरते. प्रतिजैविके विषाणूंवर चालत नाहीत. मात्र १० दिवसांनंतरही उतार पडला नाही किंवा बरे वाटून पुन्हा ताप चढला, तर डॉक्टरांना दाखवावे. डोळ्याभोवती सूज आल्यास तर मुळीच थांबू नये.