सुताचा रंग फोनवरून कळवताना

निपाणीच्या साडीदुकानातून वडगावच्या विणकराला निरोप येतो, ‘काठ मोरपंखी हवा.’ एकाच्या मोरपंखीत निळा जास्त, दुसऱ्याच्या हिरवा. रंगारी कन्नड बोलणारा असला तर नावही बदलते. चुकलेले सूत पुन्हा पांढरे होत नाही आणि नुकसान बहुतेकदा मागवाल्याच्या गळ्यात पडते. म्हणून सूत बुडवण्याआधी रंग पक्का करावा.

काय करावे

• रंगाला क्रमांक द्यावा. सुती कापडासाठी पॅन्टोनचा ‘टीसीएक्स’ क्रमांक चालतो. १८-१७५० म्हणजे ‘विवा मजेंटा’, मग तो बेळगावात वाचा नाहीतर सुरतेत.

• ‘लॅब’ आकडे मागावेत. १९७६ साली ठरलेल्या या पद्धतीत एक आकडा उजळपणाचा, दुसरा लाल-हिरव्याचा, तिसरा पिवळ्या-निळ्याचा. ते यंत्राने मोजलेले असावेत, फोटोतून काढलेले नकोत.

• फरक मोजावा. ब्रूस लिंडब्लूम यांच्या संकेतस्थळावर दोन रंगांचे आकडे भरले की ‘डेल्टा ई’ हा फरकाचा आकडा मिळतो, तोही फुकट. तो एकच्या आसपास असेल तर फरक डोळ्याला जेमतेम जाणवतो. किती फरक चालेल, ते ऑर्डरमध्येच लिहावे.

• गूगल शीटवर एकच यादी ठेवावी: क्रमांक, लॉट, तारीख, मंजुरी कोणाची. दुकानदार, विणकर आणि रंगारी यांनी तीच उघडावी.

• शेवटी लडीचा तुकडा पाठवावाच. तो दिवसाच्या उजेडात आणि दुकानातल्या दिव्याखाली, असा दोनदा पाहावा. एका उजेडात जुळलेले दोन रंग दुसऱ्यात वेगळे दिसू शकतात.

काय टाळावे

• व्हॉट्सॲपवरच्या फोटोवर मंजुरी देऊ नये. कॅमेरा पांढरा रंग स्वतःच्या अंदाजाने ठरवतो आणि प्रत्येक फोनचा पडदा वेगळा असतो.

• ‘नाइट लाइट’ चालू ठेवून रंग पाहू नये. सगळे पिवळसर दिसते.

• रंगाऱ्याला नुसता हेक्स कोड देऊ नये. तो पडद्यावरच्या प्रकाशासाठी आहे. सूत रंगद्रव्याने रंगते.

• ओल्या लडीवरून निर्णय घेऊ नये. ओले सूत गडद दिसते.

• जरीला क्रमांकात बसवू नये. तिची चमक कोनागणिक बदलते, तिथे नमुनाच हवा.

• ‘आपल्याकडे एवढे कशाला?’ म्हणू नये. हुबळीच्या बेंगेरीत राष्ट्रध्वज तयार होतो. त्याच्या केशरी-हिरव्याचे आकडे भारतीय मानकात बांधून दिलेले आहेत. नुसत्या ‘केशरी’ या शब्दावर तिथे काम चालत नाही.

• मंजुरीआधी ताणा मागावर चढवू नये. लडी नाकारली तर एक लडी जाते, साडी नाकारली तर विणकराचे कितीतरी दिवस जातात.