इंग्रजी शब्द पाठ असूनही वाक्य का अडते?

आपल्यापैकी बहुतेकांनी इंग्रजी शब्द वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून पाठ केलेले आहेत. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे बी. ए. च्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याच्या पाठीशी या विषयाची बारा-तेरा वर्षे असतात. शब्द विचारा, अर्थ सांगेल. पण मुलाखतीत किंवा वर्गात चार वाक्ये बोलण्याची वेळ आली की तोच विद्यार्थी गप्प होतो. याचे खापर बहुधा त्याच्या व्याकरणावर किंवा न्यूनगंडावर फोडले जाते. न्यूनगंड असतोच, ज्यांच्या घरातून यापूर्वी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, त्यांना तो अधिक असतो, हे मी जवळून जाणते. परंतु माझ्या मते मूळ दोष त्या मधल्या रेघेत आहे.

ती रेघ असे सांगते की एका इंग्रजी शब्दाला एक मराठी शब्द पुरतो. आपला 'मोठा' हा साधा शब्द घ्या. मोठे घर म्हणजे 'बिग हाऊस', हे ठीक. पण मोठा भाऊ 'एल्डर ब्रदर', मोठी रांग 'लाँग क्यू', मोठा आवाज 'लाउड व्हॉइस' आणि मोठा पाऊस 'हेवी रेन'. 'बिग रेन' म्हटले तर व्याकरणाचा कोणताही नियम मोडत नाही, विशेषण नामाच्या आधी जागच्या जागी आहे; तरीही इंग्रजी कानाला ते खटकते. पाऊस 'हेवी' असतो आणि वारा मात्र 'स्ट्राँग'. असे का, याला नियम नाही, रूढी आहे. आपल्याकडे तरी काय? चहा कडक, शिस्त कडक, भाकरी कडक आणि कॉलरही कडक. इंग्रजीत तोच चहा 'स्ट्राँग', शिस्त 'स्ट्रिक्ट', भाकरी 'हार्ड' आणि कॉलर 'स्टिफ' होते.

शब्दांच्या या सोबतीला भाषाशास्त्रात 'कोलोकेशन' असे नाव आहे. ही संज्ञा रूढ करणारे ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांचे म्हणणे थोडक्यात असे की, शब्द ओळखायचा तर तो कोणाच्या संगतीत वावरतो ते पाहावे. विशेष म्हणजे हे फर्थ १९२० च्या दशकात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवीत होते. मायकेल वेस्ट त्याच सुमारास ढाक्याला बंगाली मुलांच्या इंग्रजी वाचनाचा अभ्यास करीत होते. पुढे १९५३ मध्ये त्यांनी सुमारे २००० नित्योपयोगी शब्दांची प्रसिद्ध यादी प्रकाशित केली. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये शिक्षक होते. जपानी विद्यार्थ्यांच्या अडचणी पाहून त्यांनी सहकाऱ्यांसह जो कोश रचला तो १९४२ मध्ये टोकियोला निघाला. १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो छापला आणि आपल्या ग्रंथालयातील जाडजूड ऑक्सफर्ड लर्नर्स कोश त्याचाच वंशज आहे. तिघांचीही उमेदीची वर्षे लाहोर, ढाका आणि जपान येथे, म्हणजे ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांना शिकविण्यात गेली, याचे मला फार अप्रूप वाटते. इंग्रजी शब्दांच्या अध्यापनाचा बराच मोठा भाग आपल्यासारख्यांच्या अडचणींतूनच निर्माण झाला आहे.

हॉर्नबींच्या कोशाचे वैशिष्ट्य असे की तो नुसता अर्थ देऊन थांबत नाही. क्रियापद वाक्यात कसे बसते तेही दाखवितो. आपली अडचण नेमकी क्रियापदांपाशीच अधिक असते. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक ती घेतात. ब्रिटिश इंग्रजीत याच्या अगदी उलट आहे : विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो आणि शिक्षक ती 'गिव्ह' करतात. भारतात मात्र 'गिव्ह द एक्झाम' असे सर्रास बोलले जाते. ते चूक मानावे का, यावर आपल्या प्राध्यापकांतही एकमत नसेल. माझे मत विचाराल तर, आपसांत बोलताना ते चालावे. परंतु दुसरी रूढी ठाऊक नसल्यामुळे ते बोलले जाऊ नये. 'क्लोज द लाइट' मात्र कोठेच चालणार नाही. आपण दार, पुस्तक, दिवा सर्वच 'बंद' करतो. इंग्रजी दिव्याला 'स्विच ऑफ' करते.

हे सर्व शिकवावे कसे? काही शिक्षक वर्गात मराठीचा उच्चारही होऊ देत नाहीत. मला ते पटत नाही. मराठी गप्प बसविली तरी ती विद्यार्थ्याच्या डोक्यात बोलतच राहते. त्यापेक्षा तिला फळ्यावर आणावे. आमच्या वाडीतील सातवी-आठवीची काही मुले संध्याकाळी माझ्याकडे अभ्यासाला बसतात. त्यांना मी रेघ मारू देत नाही. 'टेक' हा शब्द आला की त्याचा अर्थ न लिहिता त्याची सोबत लिहायची : टेक अ फोटो, टेक मेडिसिन, टेक अ बस, टेक टाइम. समोर प्रत्येकाचे मराठी लिहायचे. मग दिसते की फोटो 'काढतो', औषध 'घेतो', बसने 'जातो' आणि वेळ 'लागतो'. एका 'टेक'साठी मराठीत चार क्रियापदे! एरवी कंटाळणारी मुले येथे हटकून हसतात, आणि हसल्यावर ते विसरत नाहीत. शब्द मात्र थोडे घ्यावेत. दिवसाला पाच पुष्कळ झाले, आणि तेच आठवडाभर निरनिराळ्या वाक्यांत पुनःपुन्हा यावेत.

आणखी एक गोष्ट शिक्षक क्वचितच ध्यानात घेतात. खेड्यातील मूल शून्यापासून सुरुवात करीत नाही. इंग्रजीचे अक्षर न ओळखणारा शेतकरी विहिरीवर मोटार, स्टार्टर, फ्यूज, व्हॉल्व्ह आणि पाइप हे शब्द दिवसभर वापरतो, आणि अचूक वापरतो. 'फ्यूज उडाला' याचे इंग्रजी 'द फ्यूज हॅज ब्लोन' असे होते, हे एका मुलाला सांगितले तेव्हा त्याने ते वहीत न लिहिताच घरी नेले आणि वडिलांना ऐकविले. अर्थात काही शब्द आपल्याकडे येऊन बदललेही आहेत. आपले 'हॉटेल' चहा-भज्यांचे असते. इंग्रजीतले मुख्यतः मुक्कामाचे. 'लाइट गेली' यातील 'लाइट' म्हणजे आपली वीज. असे शब्द मुद्दाम वेगळे काढून शिकवावे लागतात.

सध्या मुलांनी उलट्या दिशेने एक यादी चालविली आहे, 'काढणे' या क्रियापदाची. चित्र काढणे 'ड्रॉ', पैसे काढणे 'विथड्रॉ', चप्पल काढणे 'टेक ऑफ', कर्ज काढणे 'टेक अ लोन'. येथवर कोशाने साथ दिली. परवा एका मुलीने विचारले, "ताई, आजी तुमची आठवण काढत होती, हे कसं सांगायचं?" 'रिमेंबर' म्हटले तर आठवण मनातच राहते, आणि आजी तर बोलत होती. 'मिस' म्हटले तर त्यात विरह येतो. 'शी वॉज टॉकिंग अबाउट यू' हे त्यातल्या त्यात जवळचे. पण त्यात आजीची माया उतरत नाही. ती ओळ वहीत अजून कोरी आहे.