शटडाऊनला जाण्याआधी

ताई म्हणाली, ठेकेदाराने तुला कारखान्याच्या शटडाऊनमध्ये जुन्या बॉयलरचं लॅगिंग, म्हणजे उष्णता धरून ठेवणारं आवरण, उतरवायच्या कामावर घेतलंय. रोज चांगला आहे, घर तुझ्यावर चाललंय, म्हणून काम सोड असं मी म्हणणार नाही. पण गेटच्या आत जाण्याआधी मामाचे चार शब्द ऐकून जा.

पाइपावर ते पांढुरकं प्लास्टर असतं, त्याखाली दोरी गुंडाळलेली असते. मुकादम म्हणेल, चुना आहे. जुनं बॉयलर हाऊस असो, मुंबईच्या दारूखान्यात तोडायला आलेलं जहाज असो, 'अॅस्बेस्टॉस नाही' असं तपासणीचं कागदपत्र कोणी दाखवेपर्यंत ते आहेच असं धरून चाल. आणि पांढरा अॅस्बेस्टॉस निरुपद्रवी, निळाच तेवढा वाईट, हे कोणी सांगितलं तर मान डोलावू नकोस. कॅन्सर सगळ्याच जातींनी होतो. आपल्याकडे खाणी बंद झाल्या, पण पांढरा अजून बाहेरून येतो आणि सिमेंटच्या पत्र्यात जातो.

कोरडं खरवडायचं नाही. आधी पाणी मारून आतपर्यंत भिजव, मोठे तुकडे न फोडता उतरव, ओलं असतानाच जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांध. खाली सांडलेलं झाडूने लोटू नकोस, ओल्या फडक्याने पूस. एअरची नळी तर त्या बाजूला फिरकूसुद्धा देऊ नकोस. नाकाला रुमाल बांधणं म्हणजे चाळणीने पाणी अडवणं. बारीक तंतू अडवणाऱ्या फिल्टरचा रबरी मास्क माग आणि दाढी रोज कर. खुंट असले की मास्क चेहऱ्याला बसत नाही. कामाचे कपडे घरी आणू नकोस. नवऱ्याचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकांना याच धुळीने आजार झालेत, आणि तुझे कपडे ताई धुते.

आता बिडी. यावर मी जरा जास्त बोलणार आहे. अमेरिकेत सेलिकॉफ आणि हॅमंड यांनी तुझ्याच धंद्यातल्या, लॅगिंगवाल्या हजारो कामगारांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली. ना ही धूळ, ना सिगारेट अशा माणसाला फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका एक धर. नुसत्या सिगारेटने तो अकराच्या आसपास जातो, नुसत्या अॅस्बेस्टॉसने पाचाच्या. दोन्ही असलं तर पन्नासच्या वर. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. छातीत गेलेला तंतू कोणी काढून देत नाही, बिडी मात्र आज सुटू शकते, आणि सुटली की धोका हळूहळू उतरतो. (छातीच्या अस्तराचा कॅन्सर, मेसोथेलिओमा, मात्र बिडी न ओढणाऱ्यालाही सोडत नाही.)

याच बिडीचा पुढे तुझ्याविरुद्ध पुरावा करतात. फुप्फुसाचा हा कॅन्सर उगवायला वीस, तीस, कधी चाळीस वर्षं लागतात. तेव्हा तू पन्नाशी-साठीत असशील, खोकत दवाखान्यात जाशील. पहिल्यांदा टीबीच्या गोळ्या देतील, मग केसपेपरवर 'धूम्रपान' लिहितील आणि विषय मिटेल. म्हणून डॉक्टर विचारो न विचारो, आपण होऊन सांग: अमुक साली, अमुक ठिकाणी, अॅस्बेस्टॉसचं लॅगिंग काढलं. ते केसपेपरवर लिहायला लाव आणि लिहिलेलं वाचून बघ. बिडी ओढलीस म्हणून धुळीचा दोष पुसला जात नाही. अॅस्बेस्टॉसने होणारा फुप्फुसाचा कॅन्सर ईएसआय आणि भरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे. लपलेली गोष्टही नाही ही. इंग्लंडात रॉचडेलच्या अॅस्बेस्टॉस गिरणीतल्या जुन्या कामगारांवरून रिचर्ड डॉल यांनी या धुळीने फुप्फुसाचा कॅन्सर होतो हे 1955 सालीच दाखवून दिलंय.

1995 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अॅस्बेस्टॉस कामगाराच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून चाळीस वर्षं किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षं, जे नंतर येईल तोवर, मालकाने जपायची. निकाल चांगला आहे. पण मुंबईत चाळीस वर्षांत कंपनीच्या जागी टॉवर उभा राहतो, आणि ठेकेदाराची पाटी तर दोन पावसाळेही टिकत नाही. मालकाच्या भरवशावर राहू नकोस, स्वतःचं दप्तर स्वतः ठेव. गेटपास, पगाराची स्लिप, ईएसआयचं कार्ड, पीएफचा नंबर, ठेकेदाराचं नाव आणि ज्या कंपनीत काम केलं तिचंही नाव. बरोबरच्या दोघा-तिघांचे गावाकडचे पत्ते घे. मोबाइल नंबर बदलतात, गाव बदलत नाही. पीएफ कापत नसेल तर पहिल्याच महिन्यात विचार, नंतर कोणी ओळख देत नाही.

काम सुरू होण्याआधी छातीचा एक्स-रे काढून घे, म्हणजे पुढच्याशी ताडून बघता येईल. रिपोर्टचा नुसता कागद नको, फिल्मही माग. ती पत्र्याच्या पेटीत घडी घालून ठेवू नकोस, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेव, आणि पाकिटावर तारीख पेनाने घाल, पेन्सिलीने नको.