बागेतील हौदात मांडावयाचे दगड

गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात. म्हणून हिवताप निर्मूलनाच्या कामात ते शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या बागेतील हौदात सोडले जातात. हौद शोभिवंत दिसावा यासाठी त्यात दगड मांडण्याची हौसही पुष्कळांना असते. दगड निर्जीव, त्याचा माशांना काय उपद्रव होणार, असा समज मात्र चुकीचा आहे.

एका शाळेच्या हौदात आम्ही सोडलेले मासे तिसऱ्या दिवशी मरून तरंगू लागले. पाणी स्वच्छ होते. परंतु कडेने मांडलेले दगड बांधकामावरून उरलेले असून त्यांस सिमेंटचा ताजा माल चिकटलेला होता. मासे सोडण्यापूर्वी ते पाहावयास हवे होते. ही चूक प्रस्तुत लेखकाचीच. ताज्या सिमेंटातून चुना पाण्यात उतरतो, पाण्याचा सामू फार चढतो व माशांचे कल्ले भाजतात.

चुनखडी, संगमरवर, शिंपले व शहाबादी फरशीचे तुकडे यांचा परिणाम इतका तीव्र नसतो. पाणी हळूहळू जड होते व सामू ८ च्या आसपास वा थोडा वर जातो. गप्पीला तेवढे सोसते. परंतु माशांच्या उत्सर्जनातून पाण्यात अमोनिया येतो आणि सामू वाढला की त्याचा विषारी अंशही वाढतो. म्हणून लहान हौदात दाटीने मासे असतील तर असे दगड टाळावेत.

परीक्षा सोपी आहे. दगड खिळ्याने खरवडून त्या भुकटीवर लिंबाचा रस किंवा शिरका टाकावा. बुडबुडे आल्यास त्यात चुन्याचा अंश आहे असे समजावे. बुडबुडे बारीक असतात, तेव्हा उजेडात निरखून पाहावे. शंका राहिल्यास दोन बादल्यांत पावसाचे पाणी घ्यावे, एकीत दगड ठेवावा आणि आठ दिवसांनी दोन्हींचा सामू कागदी पट्टीने पाहावा. विहिरीचे पाणी मुळातच जड असू शकते. त्यात फरक नीट कळत नाही.

आपल्याकडील काळा पाषाण या कामी उत्तम होय. त्यातील पांढऱ्या गाठी मात्र तपासाव्यात. गारगोटी असेल तर ती फसफसत नाही, कॅल्साइट असेल तर फसफसते. कोकणातील जांभाही चालतो, पण त्याची लाल माती सुटते. तो पाणी नितळ येईपर्यंत धुवावा. हिरवे-निळे डाग असलेला दगड घेऊ नये. त्यात तांबे असण्याचा संभव असतो व ते माशांना अल्प प्रमाणातही घातक ठरते. रंग दिलेले आणि फवारणीची औषधे कालवण्याच्या जागेवरील दगडही वर्ज्य समजावेत.

दगड ब्रशने घासून साध्या पाण्याने धुवावेत, साबण लावू नये. ते विस्तवावर तापवू नयेत. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटतो व कपच्या उडतात. धारदार कडा घासून बोथट कराव्यात. मोठा दगड वाळूवर न ठेवता हौदाच्या तळावर टेकवावा आणि खाली थोडी पोकळी राखावी, म्हणजे उन्हाळ्यात माशांना सावली मिळते.